रुग्णालय हलवताना : बांधकाम संपल्यानंतरचं काम

आमचं ३० खाटांचं रुग्णालय नव्या इमारतीत ६० खाटांचं होणार होतं. रंगकाम झालं, फर्निचर आलं आणि उद्घाटनाच्या तारखेची घाई सुरू झाली. नर्सिंगची जबाबदारी माझ्याकडे असल्याने स्थलांतर समितीत मी होते आणि तिथे एकच गोष्ट लावून धरली: इमारत ताब्यात आल्यापासून पहिला रुग्ण आत येईपर्यंतचा वेळ कापायचा नाही. ज्यांच्यापुढे हे काम आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

सर्वात आधी ऑक्सिजनची पाइपलाइन. आम्ही आजवर सिलिंडरवर काम केलेलं. आता प्रत्येक खाटेमागे ऑक्सिजन, व्हॅक्युम (स्राव खेचून घेण्यासाठी) आणि कॉम्प्रेस्ड एअरचे आउटलेट होते. गळती नाही एवढ्यावर समाधान मानू नका. पाइपांच्या जोडणीत अदलाबदल झाली, तर ऑक्सिजन म्हणून भलताच वायू रुग्णाला जातो आणि अशा चुकांनी माणसं दगावली आहेत. म्हणून एकच वायू चालू, बाकीचे बंद, असं करत आम्ही एकेक आउटलेट तपासला. तंत्रज्ञ ऑक्सिजनचं प्रमाण दाखवणारा मीटर लावायचा, मी खाटेचा नंबर आणि आकडा लिहायची. ऑक्सिजनच्या आउटलेटला १०० टक्क्यांच्या जवळ, हवेच्या आउटलेटला २१ टक्क्यांच्या आसपास. काम कंटाळवाणं आहे, पण एकही खाट सोडू नका.

ऑपरेशन थिएटरमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त हवा आणि हवा तासाला साधारण २० वेळा बदलायला हवी. मोजमाप अभियंत्यांनी केलं. मी माझ्या समाधानासाठी दार किलकिलं करून फटीपाशी टिश्यू पेपर धरला. तो बाहेरच्या बाजूला फडफडला, तेव्हा कुठे बरं वाटलं.

पाण्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. रिकाम्या इमारतीत नळांत पाणी साचून राहतं आणि २० ते ४५ अंश सेल्सिअसला त्यात लेजिओनेलासारखे न्यूमोनिया करणारे जंतू वाढतात. सगळे नळ, शॉवर रोज सोडायचे आणि पाण्याचे नमुने तपासायला द्यायचे. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), लॅबची यंत्रं अशी जागेवरून हललेली प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासून मगच वापरायची.

आणि रंगीत तालीम! त्याशिवाय मी तारीख मान्यच केली नसती. आमच्यातलीच एक सिस्टर पेशंट म्हणून स्ट्रेचरवर झोपली, सलाइन लावलं, सिलिंडर ठेवला आणि लेबर रूममधून तातडीच्या सिझेरियनला निघालो. लिफ्ट मोठी होती, वळणही निघालं, पण थिएटरबाहेरचं दार कार्डाने उघडणारं आणि रात्रपाळीला कार्डच दिलेलं नव्हतं. त्याच रात्री कळलं की पहिल्या मजल्यावरची बेल दुसऱ्या मजल्याच्या नर्सिंग स्टेशनवर वाजते. नकाशात ह्यातलं काही दिसत नाही. तालीम रात्री घ्या आणि मावशींना, मामांना, सिक्युरिटीला धरून घ्या.

हलवण्याच्या आधीपासून ठरवून करायची ऑपरेशनं थांबवली, ज्यांना घरी सोडता येत होतं त्यांना सोडलं. उरलेल्या प्रत्येक पेशंटच्या फाइलवर एक कागद: नवी खाट, शेवटचा डोस किती वाजता दिला, ऑक्सिजन किती, सोबत कोण. गंभीर पेशंट सकाळी, पूर्ण स्टाफ हजर असताना, डॉक्टर सोबत देऊन हलवले. ड्यूटी बदलण्याच्या वेळेला कुणालाही हलवलं नाही. लसी २ ते ८ अंशांच्या पेटीत, थर्मामीटरसह गेल्या. नातेवाइकांना वेळ आधी कळवली होती, त्यामुळे गर्दी झाली नाही.

जुनी कॅज्युअल्टी मात्र लगेच बंद करू नका. घाबरलेला माणूस पाटी वाचत नाही, सवयीच्या दाराशीच येतो. आम्ही तिथे ऑक्सिजन, इमर्जन्सी ट्रॉली, एक डॉक्टर, एक सिस्टर आणि अँब्युलन्स चोवीस तास ठेवली. खर्चावरून बैठकीत वाद झाला, पण लोक तिकडे येत होते तोवर ती व्यवस्था काढली नाही.