उद्यान मंडळावरची चार वर्षे

कॅलिफोर्नियातील आमच्या मध्यम आकाराच्या शहरात उद्याने, मैदाने आणि मनोरंजन या विषयांवर सिटी कौन्सिलला सल्ला देणारे एक नागरिक मंडळ आहे आणि गेली चार वर्षे मी त्याचा सदस्य आहे. आम्हा सात जणांची नेमणूक कौन्सिल करते, काम विनामोबदला असते आणि एक डॉलरही स्वतः खर्च करण्याचा अधिकार मंडळाला नाही. आमची शिफारस कौन्सिलने मानलीच पाहिजे असे बंधन नसले, तरी ती इतिवृत्तात नोंदलेली असते आणि ती बाजूला सारायची झाल्यास कौन्सिलला ते काम भर सभेत, लोकांसमोर करावे लागते. माझ्या मते या मंडळाचे सारे बळ या एका गोष्टीत आहे.

हे बळ येते ते स्थानिक संस्थांच्या सभा लोकांसाठी खुल्या ठेवायला लावणाऱ्या, राज्याच्या १९५३ सालच्या ब्राउन कायद्यामुळे, जो आमच्यासारख्या केवळ सल्लागार मंडळांनाही लागू होतो. नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते आणि कोणालाही सभेत येऊन बोलता येते. सातपैकी चार सदस्यांनी मंडळाच्या अखत्यारीतील विषयावर सभेबाहेर चर्चा करणे, मग ती ईमेलच्या साखळीतून का असेना, हा कायद्याचा भंग ठरतो. मात्र याच कायद्यातील एका तरतुदीमुळे आपल्या लोकांचा फार गैरसमज होतो. विषयपत्रिकेवर नसलेल्या विषयावर आम्हाला चर्चा करता येत नाही. फार तर थोडक्यात उत्तर द्यावे, किंवा तो विषय पुढच्या सभेत घ्यावा असे सुचवावे, इतकीच मुभा आहे.

क्रिकेट खेळणारी मुले आणि त्यांचे पालक मैदानाची मागणी घेऊन पहिल्यांदा सभेला आले, तेव्हा नेमके हेच घडले. प्रत्येकाला तीन मिनिटे मिळाली. ते कळकळीने बोलले, आम्ही ऐकून घेतले आणि अध्यक्षांनी आभार मानून पुढचा विषय पुकारला. बाहेर पडताना एका काकांचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो. आपल्याला दारातूनच परत पाठवले, असे त्यांना वाटले होते. मी दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून सांगितले की विषय सुचवला गेला आहे आणि तो पत्रिकेवर येईल त्या दिवशी याच लोकांनी पुन्हा यायला हवे.

ते आले. प्रश्न सोपा नव्हता, कारण मोठ्यांच्या क्रिकेट मैदानाला तीन ते चार एकर सपाट जागा लागते आणि इतकी मोकळी जागा शहरात उरलेली नव्हती. होती ती मैदाने फुटबॉल आणि बेसबॉलच्या मुलांची होती, तीही हक्काने वापरात असलेली. शेवटी दोन फुटबॉल मैदानांच्या मधल्या पट्ट्यात २२ यार्डांची काँक्रीटची खेळपट्टी करावी, तिच्यावर कृत्रिम गवताची चटई अंथरावी आणि फुटबॉलचा हंगाम नसताना ती दोन्ही मैदाने मिळून क्रिकेटला द्यावीत, अशी शिफारस आम्ही केली. फुटबॉलच्या पालकांना धास्ती होती ती खेळणाऱ्या मुलाचा पाय काँक्रीटवर पडण्याची. पट्टा दोन्ही मैदानांच्या रेषांबाहेर राहील हे आखणीत दाखवल्यावरच ते राजी झाले. कौन्सिलने शिफारस मान्य केली, पण त्यापूर्वी दोन्ही बाजूंचे पालक एकाच नकाशावर वाकून बोलत होते, याचे मला अधिक समाधान आहे.

सध्या माझ्या मनात घोळतो आहे तो गवताचा विषय. राज्याने २०२३ साली केलेल्या कायद्यानुसार, केवळ शोभेसाठी राखलेल्या हिरवळीला पिण्याचे पाणी घालणे स्थानिक संस्थांच्या जागांवर साधारणपणे १ जानेवारी २०२७ पासून बंद होईल. खेळासाठी किंवा लोकांनी एकत्र जमण्यासाठी ठरवून दिलेल्या हिरवळीला मात्र सूट आहे. दुष्काळ पाहिलेल्या या राज्यात हा कायदा योग्यच आहे. प्रश्न आहे तो कोणती हिरवळ शोभेची, हे ठरवण्याचा. क्रीडांगणांची आरक्षणे कार्यालयात नोंदलेली असतात, पण उन्हाळ्यात मुलांकडे आलेले आई-बाबा, आजी-आजोबा संध्याकाळी ज्या हिरवळीच्या तुकड्यावर गोल करून बसतात, त्यांनी ती जागा कधी आरक्षित केलेली नसते. त्यांचे दोन-तीन महिन्यांचे सारे घराबाहेरचे आयुष्य त्या झाडाखाली जाते आणि कागदावर त्या जागेचा वापर शून्य दिसतो.

म्हणून गेले काही शनिवार मी वही घेऊन उद्यानांतून फिरतो आहे आणि कुठे, किती वाजता, किती माणसे बसतात ते टिपून ठेवतो आहे. हिरवळींची यादी आमच्या पुढच्या सभेच्या पत्रिकेवर आहे. माझ्या वहीपेक्षा त्या आजी-आजोबांचे बोलणे इतिवृत्तात जाणे अधिक मोलाचे ठरेल. मराठीत बोलायचे असेल तर दुभाष्याची सोय करता येते, फक्त काही दिवस आधी कळवावे लागते. ज्यांना घरून सभागृहापर्यंत यायला गाडी हवी असेल, त्यांनी मला सांगावे.