पाच जणांचा दरोडा, दोघांची टोळी

पाच जणांनी मिळून एका रात्री धाक दाखवून सराफाचं दुकान लुटलं की बातमीत ‘संघटित टोळी’ हे शब्द हमखास येतात. कायद्याने तो दरोडा. दरोड्याला किमान पाच माणसं लागतात. १९९९च्या मोक्कात, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात, टोळीला दोन पुरतात. धंदा सतत चालू आहे का, हे तिथे पाहतात.

ते मोजायची पद्धत कायद्यातच दिली आहे. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा हवा आणि त्याला तीन वर्षं किंवा अधिक कैदेची तरतूद हवी. मागच्या दहा वर्षांत अशा गुन्ह्यांची एकाहून जास्त आरोपपत्रं दाखल झालेली हवीत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली हवी. प्रकरणं लंगडी पडतात ती बहुधा इथेच. एफआयआर कितीही असोत, त्या या हिशेबात धरत नाहीत. ही आरोपपत्रं प्रत्येक आरोपीवर स्वतंत्रपणे असावी लागत नाहीत, टोळीच्या नावावर असली तरी चालतात. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. मात्र ते गुन्हे टोळीसाठी केलेले असले पाहिजेत. एखाद्याने भावकीच्या भांडणात दोनदा डोकं फोडलं, तर तो सराईत ठरेल, संघटित गुन्हेगार नव्हे. नुसती जुनी आरोपपत्रंही पुरत नाहीत, कायदा आल्यानंतरचं नवं कृत्य लागतं, हे २०१५च्या शिवाजी सोनवणे निकालात आलं आहे.

त्याशिवाय हिंसा, धमकी, जबरदस्ती किंवा तसाच बेकायदा मार्ग आणि पैशाचा किंवा इतर गैरवाजवी फायदा हवा. दुकानदारांकडून महिन्याला हप्ता उकळणारे दोघे इथे नेमके बसतात. कट आणि दहशतवाद यांच्यापासून संघटित गुन्हा वेगळा. कट म्हणजे गुन्ह्याचा करार, तो एकाच गुन्ह्यापुरताही असू शकतो. दहशतवादात मुख्य हेतू भीती पसरवण्याचा किंवा देशाची सुरक्षा धोक्यात आणण्याचा असतो. मोक्काच्या व्याख्येत बंडखोरीला चालना देणंही आहे, त्यामुळे ही सीमा कधी कधी पुसट होते.

हा काटेकोरपणा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मोक्का लागला की आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते, जामीन अवघड होतो आणि अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाबही पुरावा ठरतो. म्हणूनच कलम २३ प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये आरोपपत्रांची तीच अट आहे, पण ही मंजुरी नाही.