पंखा बंद होता, तरी फिरत होता

पहाटे गजर बंद करायला उजव्या कुशीवर वळले आणि छताचा पंखा गरगर फिरायला लागला. थंडीचे दिवस, पंखा बंद! पलंगाची कड धरून डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात थांबलं. परत कूस बदलली, परत तेच.

सासूबाईंनी पित्त ठरवून कोकम सरबत पाजलं, नवऱ्याने मानेचा मणका ठरवला. माझ्या डोक्यात मात्र काका. त्यांचीही चक्करच होती; सीटी स्कॅन नॉर्मल म्हणून घरी पाठवलं आणि पुढे लहान मेंदूतला स्ट्रोक निघाला. त्यामुळे एमआरआय करायचाच, असं ठरवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले.

"किती वेळ टिकते?"

"दिवसभर."

"दिवसभर गरगरतं, की दिवसभर भीती वाटते?"

विचार केला तर गरगरणं मिनिटभरसुद्धा नव्हतं, तेही आडवं होताना, कूस बदलताना, वर बघताना. जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं, गिळायला त्रास, काही नाही. आधाराशिवाय चालून दाखवायला सांगितलं, चालले.

मग टेबलावर बसवून मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागे झोपवलं, डोकं कडेच्या खाली. "डोळे मिटायचे नाहीत." चार-पाच सेकंद काहीच नाही, आणि मग अख्खी खोली फिरली. नवऱ्याने मोबाईलवर व्हिडिओ काढला, त्यात माझी बुबुळं गोल वळत वर झटके देताना दिसतात. जरा उशिरा सुरू होऊन मिनिटाच्या आत विरणं ही कानाची खूण. झोपवल्याबरोबर सुरू होऊन न थांबता सरळ खाली झटके आले असते, तर एमआरआय लिहून दिला असता, म्हणाले.

कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले होते. डोकं डावीकडे, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, मग उठून बसणं. याला एप्ली म्हणतात. एक गोळीही दिली नाही.

काकांचं विचारलंच. त्यांची चक्कर तासन्‌तास थांबत नव्हती, बसवलं तरी कलंडत होते. अशा पेशंटला डॉक्टरांच्या नाकावर नजर ठेवायला सांगून मान झटक्यात वळवतात. कान बिघडलेला असेल तर डोळे मानेबरोबर सरकतात आणि धावत परत येतात. नजर नाकावरच खिळून राहिली तर संशय मेंदूवर! इथे नॉर्मल येणंच वाईट. लहान मेंदूतला ताजा स्ट्रोक सीटीत बऱ्याचदा दिसत नाही, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयसुद्धा चकवू शकतो.

आठवड्याने वर बघताना पुन्हा थोडं हललं, परत एप्ली करून आले. आता उजव्या कुशीवरच झोपते.