धुतलेली टेस्ट ट्यूब

क्वार्टरवरून मला बोलावलं ते रिअॅक्शनसाठी. घोणस चावली म्हणून चाळिशीतला एक माणूस आला होता. आमच्या नव्या एमओंनी (मेडिकल ऑफिसर) 20 मिनिटांची रक्ताची टेस्ट केली, रक्त गोठलं नाही (घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही), म्हणून सापाच्या विषावरची 10 वायल लस 500 मिली सलाईनमध्ये घालून ड्रिप सुरू केली. साधारण पाचवा भाग गेला असेल, तोवर अंगभर पित्त उठलं, खोकला सुरू झाला. ड्रिप थांबवून मांडीत अर्धा मिलिग्रॅम अॅड्रेनालिन दिलं, दहा मिनिटांत माणूस सावरला. इथवर सगळं नियमानुसार.

आता प्रश्न, ड्रिप पुन्हा लावायची का?

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या या पट्ट्यात रात्री उसाला पाणी धरणाऱ्याचा पाय म्हटला की घोणसच डोळ्यापुढे येते. रत्नागिरीत होतो तेव्हा हीच जागा फुरशाची होती: कातळाचा सडा, दगडाखाली गेलेला हात. मराठवाड्यातून आलेल्या सिस्टरना फुरसं ओळखायला महिना लागला, आणि सिंधुदुर्गातला पेशंट ‘कांडर’ म्हणाला की ती मण्यार, हे मलाही तिथेच कळलं. लस चौघांवर एकच चालते, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. म्हणून नावाच्या घोळाने सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते साप या चौघांतला नसला तर.

पाय पाहिला. चावून दीड तास झालेला. एवढ्या वेळात घोणशीचा पाय बहुतेक वेळा घोट्याच्या वर चढतो, कातडी ताणून चकाकते, माणूस कळवळतो. इथे सूज नाही. दोन दातांच्या खुणाही नाहीत, टाचणीने ओरखडल्यासारखी बारीक ठिपक्यांची कमान. हिरड्यांतून रक्त नाही. आणि रक्त मात्र पातळ? जुळत नव्हतं.

मारलेला साप त्यांनी खताच्या गोणीत आणला होता. मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ दंश करू शकतं, म्हणून चिमट्याने उलटा केला. घोणशीच्या पाठीवर कडा असलेल्या लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी साखळीसारख्या सरळ जातात. याचे डाग एकमेकांत मिसळून वेडेवाकडे झालेले. मान वेगळी दिसत नव्हती, शेपूट तोडल्यासारखी आखूड, हाताला खरखरीत. खात्री पटवली ती पोटाने: घोणशीचे पोटाचे खवले या कडेपासून त्या कडेपर्यंत रुंद पट्ट्यांचे असतात, याचे अरुंद, दोन्ही बाजूंना बारीक खवल्यांना जागा सोडलेले. डुरक्या घोणस. नावात घोणस, विषाचा पत्ता नाही.

मग टेस्ट चुकली कशी? शिरेतलं 2 मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच आडवी करून बघायचं. एवढं सोपं. पण रक्त गोठायला सुरुवात होते ती काचेच्या पृष्ठभागामुळे. नळी साबणाने धुतलेली असेल तर ती सुरुवातच होत नाही. प्लास्टिकची असली तरी तोच घोटाळा. आमच्या मावशींनी नळ्या पावडरीने लख्ख धुऊन ठेवल्या होत्या. त्यांचा दोष नाही, गेल्या तीन इंडेंटला (मागणीपत्रांना) काचेच्या नळ्या आल्याच नव्हत्या. जे वर बसून मंजुरी देतात त्यांना प्लास्टिकची स्वस्त पडते एवढंच दिसतं.

लॅबवाल्याच्या कपाटात सहा कोऱ्या नळ्या निघाल्या. एक पेशंटची, एक माझ्या रक्ताची, आणि तिसरी, धुतलेल्यांपैकी, तीही माझ्याच रक्ताची. 20 मिनिटांनी पहिल्या दोन गोठलेल्या. तिसरीत माझं रक्त पाण्यासारखं वाहत होतं.

ड्रिप पुन्हा लावली नाही. तरी सोडलंही नाही: पहिले तीन तास तासाला एक टेस्ट, मग 24 तास दर सहा तासांनी. नळ्या संपल्यावर बाजारातून आणल्या. नव्या एमओंना बोल लावणं सोपं आहे, पण पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच वागले होते. साप न आणता पेशंट आला असता, तर पित्त उतरल्यावर मीही बहुधा उरलेलं सलाईन चालू केलं असतं.

घरी जाताना पेशंटचा भाऊ भडकलेला होता. घोणस चावली असताना डॉक्टरांनी औषध अर्ध्यावर बंद केलं, असं तो बाहेर सांगत होता.