करवंटीचे दिवे, दोन नावं आणि एक करंट अकाउंट (माझा अनुभव)

बरेच जण विचारतात, ताई हे दिवे कसे करता, डिझाइन कुठून सुचतं, यावर घर चालतं का. सांगते सगळं, पण आधी जे अजून डोक्यात बसलंय ते ओकून टाकते, नाहीतर मध्ये मध्ये तेच येत राहील. एक दिवा करायला मला साडेचार तास लागतात आणि त्या दिव्याचे पैसे घ्यायला बँकेत खातं उघडायला लागले सहा महिने.

मी करवंटीचं काम करते. कानातली, गळ्यातली, चमचे, आणि मुख्य म्हणजे भोकं पाडलेले दिवे. सुरुवात आजीच्या दवल्यावरून झाली. दवलो म्हणजे करवंटीला लाकडी दांडा लावलेला डाव, आमच्याकडे पेजेला तोच लागायचा. आजी गेल्यावर तो दवलो मी उचलून आणला, दांडा सैल झाला होता म्हणून काढला आणि करवंटी सहज पॉलिश पेपरने घासत बसले, तर आतून अशी काळीभोर चमक आली की मी बघतच राहिले. इतकी वर्षं पेज खाऊन खाऊन ती आतून तेलकट मऊ झाली होती. तो दवलो मी विकला नाही, विकणार पण नाही, कोणी विचारू नका.

दिव्यांचं डिझाइन मात्र आमच्या गोव्यातल्या मंगेशीच्या देवळाच्या दीपस्तंभावरून. सात मजले आणि प्रत्येक मजल्यावर पणत्यांच्या जागा. जत्रेत तो पेटलेला लांबून बघितला आणि घरी आल्यावर करवंटीवर पेन्सिलने सात रिंगा मारल्या, खालच्या रिंगेला दोन मिलिमीटरची भोकं, वर वर जाताना बारीक होत एक मिलिमीटर. पहिल्या चार करवंट्या तडकल्या. पाचवी टिकली, आत छोटा बल्ब लावला तर भिंतीवर ठिपक्यांचा अख्खा डोंगर पडला. मुलगी तेव्हा लहान होती, ती त्या ठिपक्यांना हात लावायला धावली. तिथून पुढचे सगळे दिवे त्या एकाचीच भावंडं आहेत. नंतर जुन्या घरांच्या शिंपल्याच्या खिडक्या बघून एक चौकटीचं डिझाइन केलं, ते पण बरं चालतं, पण सात रिंगांच्या दिव्याला तोड नाही.

पाहिजे तेव्हा सुचत नाही हे पण सांगते. रिकामी बसून मोबाईलवर दुसऱ्यांचं काम बघत राहिलं की फक्त आपण मागे पडल्यासारखं वाटतं. मला जे सुचलं ते देवळात, आदोळीवर म्हणजे विळीवर खोबरं खवताना आणि एकदा तर लाईट गेलेली असताना.

बरं, आता मुद्द्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये एका हॉटेलवाल्याने साठ दिव्यांची ऑर्डर दिली. सातशेच्या भावाने, म्हणजे बेचाळीस हजार. रेस्टॉरंटच्या टेबलांवर ठेवायला, ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू व्हायच्या आत. मी तोपर्यंत स्टॉलवर, शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात, ओळखीत असं विकत होते, पैसे यूपीआयने माझ्या साध्या खात्यात. हॉटेलच्या अकाउंटवाल्या मुलाने फोन केला, मॅडम बिल धंद्याच्या नावाने पाहिजे आणि पेमेंट पण धंद्याच्या नावाच्या अकाउंटला, म्हणजे करंट अकाउंटला. म्हटलं त्यात काय, उघडते. दोन दिवसांत होईल असं त्याला सांगून पण टाकलं. मूर्ख मी.

बँकेत गेले. तिथल्या बाईंनी फॉर्म दिला, मी भरला, त्यांनी आधार आणि पॅन शेजारी शेजारी ठेवलं, दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "बाय, हांगा दोगी बायलांचे कागद आसात." दोघीजणींचे कागद! त्यांचं म्हणणं बरोबर होतं, तोच तर वैताग. पॅन मी लग्नाआधी नोकरीला होते तेव्हा काढलेलं, त्यावर माहेरचं नाव, चार अक्षरी. लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलतात, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहितात, सगळे टाळ्या वाजवतात. तर लग्नानंतर आधार दुरुस्त केलं त्यावर सासरचं नाव, दोन अक्षरी, आडनाव तर वेगळं असणारच. जन्माच्या दाखल्यावर माहेरचं. लग्नाच्या सर्टिफिकेटवर पण माहेरचंच. रेशनकार्ड आणि साधं बँक खातं सासरचं. इतकी वर्षं कुणी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं म्हणून चाललं.

आणि वर त्यांनी काँप्युटरवर टाकून बघितलं तर पॅन बंदच पडलेलं. आधारला जोडायची मुदत ३० जून २०२३ ला संपली होती आणि ज्यांनी जोडलं नाही त्यांचं पॅन निष्क्रिय. मी तेव्हा जोडायचा प्रयत्न केला होता हो, पण नाव जुळत नाही म्हणून व्हायचं नाही आणि मी म्हटलं बघू नंतर. इथे एक टिप देऊन ठेवते, आत्ता हे वाचताय तर आधी आपलं पॅन आणि आधार काढा आणि शेजारी ठेवा. स्पेलिंग पण बघा. मग बाकीचं वाचा.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ते पण अडलं, कारण त्याला आधार आणि पॅन दोन्ही जुळावं लागतं. ते फुकट असतं, ऑनलाइन असतं, कोणाला पैसे द्यायची गरज नाही, मला एका सायबरवाल्याने दीड हजार सांगितले होते. कारागिरांसाठीची सरकारची विश्वकर्मा योजना पण बघितली मध्ये, त्यात १८ कामं आहेत, काथ्या विणणारा आहे यादीत पण करवंटीवाला नाही. सरकारवाले नारळाच्या सोडणापर्यंत आले आणि तिथेच थांबले, एक थर आत आले असते तर माझं काम झालं असतं.

पॅनवरचं नाव बदलायचं ठरवलं. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, त्यातलं एकदा लग्नानंतर वापरून झालेलं, उरलेलं एक मला असं घालवायचं नव्हतं. पॅनला लग्न झालेल्या बाईसाठी पुरावा म्हणून लग्नाचं सर्टिफिकेट किंवा लग्नाची पत्रिका चालते. हो, पत्रिका! माळ्यावरून ट्रंक काढली, हळदीच्या डागासकट पत्रिका सापडली, जिंकल्यासारखं वाटलं. पॅनच्या सेंटरवर घेऊन गेले. तिथल्या मुलाने ती शांतपणे पूर्ण वाचली, अगदी आमच्या येथे श्री कृपेकरून पासून, आणि विचारलं, ह्यात तुमचं नवीन नाव कुठंय. नव्हतंच. पत्रिकेत चि. सौ. कां. माहेरचं नाव, नवीन नाव तर नंतर ताटात लिहिलं ना. त्या ताटाचा फोटो पण होता माझ्याकडे, मी दाखवला सुद्धा. तो हसला. मी नाही हसले.

मग नोटरीकडून अ‍ॅफिडेव्हिट केलं, की ही आणि ती एकच बाई. बँकेतल्या बाई बदलून दुसरे साहेब आलेले, ते म्हणाले अ‍ॅफिडेव्हिट नको, गॅझेट आणा, म्हणजे सरकारी राजपत्रात नाव बदलल्याचं छापून आलेलं. मी म्हटलं आधीच्या मॅडम तर म्हणाल्या अ‍ॅफिडेव्हिट चालेल. ते म्हणाले त्या म्हणाल्या असतील. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर चिडलेली होते, नवऱ्याला पण तेच वाक्य ऐकवायचे, कुठली पण वस्तू सापडली नाही की तू म्हणाला असशील.

गोव्यात नाव बदलायला १९९० चा कायदा आहे. सिव्हिल रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा, मग सरकारी गॅझेटमध्ये नोटीस छापून येते, की अमुक बाई आपलं नाव अमुकवरून अमुक करू इच्छिते, कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. अर्ज केला तोपर्यंत चतुर्थी आली, चतुर्थीत गोव्यात काय होतं ते गोव्याबाहेरच्यांना सांगून कळणार नाही, नुसतं इतकं सांगते की काहीच होत नाही. गॅझेट गुरुवारी निघतं. प्रत्येक गुरुवारी मी बघायचे. शेवटी आलं, आणि मग ते तीस दिवस.

खरं सांगू, ते तीस दिवस सगळ्यात वाईट गेले. काम काहीच नाही, फक्त थांबायचं. माझ्या नावाला हरकत घेणार कोण? सासूबाई गमतीत म्हणाल्या मी घेते. आई मात्र गंमत करत नव्हती. तिला फोनवर सांगितलं तर बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, म्हणजे आमच्याकडचं नाव आता कागदावर पण राहणार नाही का. मी काय सांगणार. त्या दिवसापासून प्रत्येक दिव्याच्या तळाला, तीन डोळे असतात ना करवंटीला, त्यांच्या मधोमध मी माहेरच्या नावाचं पहिलं अक्षर कोरते. गिऱ्हाईकांना वाटतं ब्रँडची खूण.

हॉटेलवाल्याने ऑक्टोबरपर्यंत वाट बघितली आणि कुठून तरी लोखंडी कंदील आणले. माझ्याकडे बावन्न दिवे तयार होते. बावन्न! पलंगाखाली, कपाटावर, देवघराच्या बाजूला. आणि पावसाळा लांबला, त्यातल्या अकरांना आतून बुरशी आली. आता इथे कामाची गोष्ट सांगते, बुरशी येते ती आत खोबऱ्याचा पापुद्रा राहिला की. ब्लेडने खरवडून मग तारेच्या ब्रशने आतून घासायचं, सावलीत वाळवायचं, उन्हात घातली तर तडकते. मग ऐंशी नंबरचा पेपर, एकशेवीस, दोनशेवीस, चारशे, आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात. वार्निश लावू नका, दिसायला छान दिसतं पण करवंटी मरते त्यात. ड्रिलला मास्क लावाच, ती पूड छातीत जाते. आणि दिव्यात बल्ब एलईडीच, साधा बल्ब गरम होतो.

डिसेंबरात नाव बदलल्याचे कागद घेऊन पॅन दुरुस्ती केली, फी १०७ रुपये, काही त्रास नाही. मग आधारला जोडायला उशिराचा दंड १००० रुपये. दंड भरल्यावर पॅन चालू व्हायला पुन्हा महिन्याभराची मुदत असते, हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, मी दुसऱ्या दिवशीच बँकेत जाऊन उभी राहिले होते. फेब्रुवारीत पॅन चालू झालं, उद्यम त्याच दिवशी दुपारी जेवणाच्या आत, आणि अकाउंट पुढच्या आठवड्यात. त्या साहेबांनी पासबुक देताना विचारलं, काय धंदा तुमचा. मी पिशवीतून दिवा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी उलटा करून भोकं मोजायला सुरुवात केली, दोन रिंगांनंतर सोडून दिलं. एकशे सव्वीस असतात.

आता घर चालतं का त्याचं. फक्त यावर नाही, नवऱ्याची नोकरी आहे, खोटं कशाला सांगू. ऑक्टोबर ते मार्च बरं, एप्रिल-मे ठीकठाक, पावसात जवळजवळ शून्य. दुकानात ठेवायला देता तेव्हा शेकडा चाळीस त्यांचे, आणि पैसे विकल्यावर, आणि ते विकल्यावर कळतं कुणाला. मी एका दुकानात बारा दिवे ठेवले होते, चार महिन्यांनी विचारलं तर म्हणे तीन फुटले. आता मी वहीत लिहून त्यांची सही घेते आणि दर महिन्याला जाऊन मोजते. पणजीत लोककला आणि हस्तकलेचा लोकोत्सव भरतो, तिथे जानेवारीत एकदा फिरून या, विकायला नाही तरी बघायला, कारागिरांशी बोललं की भाव कळतो. मी आधी कानातली सत्तर रुपयांना द्यायचे, तिथे एका बांबूवाल्या काकांनी अक्षरशः झापलं, म्हणाले तू तुझ्या तासाचे पैसे धरतच नाहीस. आता दीडशे. बायका घासाघीस करतात, करू दे.

पहिल्या दिवशी करंट अकाउंटची काहीच गरज नाही हे पण ऐका. साधं खातं आणि यूपीआयवर दोन वर्षं आरामात निघतात. माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या विक्रीची आहे, आपण कुठे तिथे पोचतो. पण मोठी ऑर्डर सांगून येत नाही, म्हणून कागद आधी करून ठेवा, मी नाही ठेवले.

त्या हॉटेलवाल्याचा एप्रिलमध्ये पुन्हा फोन आला. लोखंडी कंदील समुद्राच्या हवेने गंजले. वीस दिवे द्या म्हणाला. मी भाव साडेआठशे सांगितला, घेतले. धंद्याच्या नावाने पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी आदोळीवर बसले होते, हात खोबऱ्याने भरलेले, मुलीला म्हटलं वाच मोठ्याने. तिने दोनदा वाचला.

हो, एक राहिलंच. करवंट्या विकत घेऊ नका. तेलाच्या घाण्यावर सांगून ठेवा आणि शेजारच्या बायकांना, नारळ मधोमध फोडायला शिकवा, वेडावाकडा फुटला की दिवा होत नाही. जमवायच्या त्या मे संपायच्या आत, पावसात वाळत नाहीत.