लाक मुअंग: बँकॉकच्या नगरस्तंभाची पायी वारी

सनम चाय मेट्रो स्थानकातून वर आलं की लाक मुअंग जेमतेम किलोमीटरभर. सनम चाय रस्ता धरून उत्तरेला सरळ चालायचं. डावीकडे वाट फो हे बुद्धमंदिर, मग राजवाड्याची पांढरी तटबंदी; उजवीकडे सारानरोम बाग आणि पुढे अंगणात जुन्या तोफा मांडलेलं संरक्षण मंत्रालय. ते संपलं की देऊळ. दार साडेसहाला उघडतं, त्यामुळे आम्ही सातलाच गाठतो. उशीर केला की अनवाणी पायांना फरशी सोसत नाही. वाटेत एखादा टुकटुकवाला ‘आज बंद आहे’ म्हणेल. ऐकायचं नाही, दार स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं.

पूजेचा संच आवारातच मिळतो: उदबत्त्या, मेणबत्ती, कमळ, सोन्याचा वर्ख, तीन रंगांची फीत आणि तेलाची छोटी बाटली. क्रम ठरलेला आहे. आधी बुद्धमूर्तींना वंदन, मग प्रतिकृती-स्तंभ, नंतर खरा स्तंभ, पाच रक्षक देवता, शेवटी तेल. नवखा माणूस चुकतो तो इथेच: फीत आणि वर्ख घेऊन थेट खऱ्या स्तंभाकडे जातो. ते दोन्ही प्रतिकृतीलाच वाहायचं. मिठाईवरच्या वर्खासारखा हाही श्वासाने उडतो आणि घामट बोटाला चिकटून बसतो. म्हणून बोट कोरडं करा, कागदासकट वर्ख लाकडावर टेकवा, मागून अंगठा फिरवा आणि मगच कागद सोडवा.

आतल्या मंडपात एक नाही, दोन स्तंभ दिसतील. उंच आहे तो थायलंडच्या पहिल्या राम राजाचा. 21 एप्रिल 1782 ला तो रोवला आणि नव्या राजधानीचा मुहूर्त झाला. लाकूड चैयफ्रुक वृक्षाचं, वरून चंदनाचं आवरण. जमिनीवर 108 इंच, जमिनीत 79. माथ्यावरची कमळकळी पोकळ असते, तिच्यात शहराची कुंडली ठेवायची. चौथ्या राम राजाला, म्हणजे मोंगकुटला, ज्योतिष चांगलं कळत होतं. शहराची पत्रिका सुधारायला त्याने 1852 मध्ये दुसरा स्तंभ उभारला, तोच हा बुटका. मुहूर्त आणि पत्रिकेचं हे गणित मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पाच देवतांच्या दालनात चाओ फो चेत्ताखुप शोधा: आपलाच चित्रगुप्त, यमाचा हिशेबनीस. फ्रा कान चाय सी हाही यमाच्याच दरबारातला. चाओ फो हो क्लोंग नगारखान्याचा रखवालदार, तर फ्रा सुआ मुअंग आणि फ्रा सोंग मुअंग नगराचे राखणदार.

तेल आपल्या जन्मवाराच्या बुद्धापुढच्या दिव्यात. वार माहीत नसेल तर निघण्याआधी पत्रिका पाहून घ्या. मंगळवारचा बुद्ध पहुडलेला, शनिवारचा नागफणेखाली. बुधवारी घोळ होतो, कारण त्याच्या दोन मूर्ती आहेत: दिवसा जन्मलेल्यांना भिक्षापात्र घेतलेला, सूर्यास्तानंतरच्यांना हत्ती आणि माकड सेवेला असलेला. तेल हळू ओता. एकदम ओतलं तर वात बुडून विझते, आणि मागे रांग असते.

बाहेरच्या मंडपात मुकुट घातलेल्या नर्तकी नाचताना दिसल्या तर तो पर्यटकांसाठीचा कार्यक्रम समजू नका. कुणाचा तरी नवस फिटतोय, पैसे त्यानेच भरलेत. बसून पाहायला हरकत नाही, फक्त पाय दुमडून बसा. तळवे देवाकडे नकोत.