नोव्हेंबरातली सस्क्वेहाना: थंड पाण्यातल्या बासचा माझा अनुभव

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, हॅरिसबर्गला, सस्क्वेहाना नदी जवळजवळ मैलभर रुंद आहे, पण उथळ. उन्हाळ्यात स्मॉलमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा या सगळ्या पसाऱ्यात विखुरलेला असतो आणि नवशिक्याच्याही गळाला लागतो. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या, खाली उतरलं की तोच मासा धार सोडून खोल, संथ डोहात जाऊन बसतो. बाकीची नदी मग रिकामीच समजायची.

डोह मी ऑगस्टमध्ये, पाणी उतरलेलं असतानाच हेरून ठेवले होते. रॉकव्हिलच्या दगडी रेल्वेपुलाच्या आसपास हिंडून खडकाची रांग कुठे आडवी आहे, बेटाच्या टोकाशी पाणी कुठे थबकतं, हे फोनवरच्या नकाशात खुणावलं. (पूल १९०२ सालचा, ४८ कमानींचा. मासा नाही मिळाला तरी पूल बघून येण्याचं समाधान असतंच.)

मग सकाळच्या चहाबरोबर नदीची पातळी बघायची सवय लागली. पाऊस होऊन पाणी चढलं, गढूळलं की बेत रद्द. दोन-तीन दिवस सलग ऊन पडलं की दुपारी जेवून निघायचं. पाणी एखाद-दोन अंशांनी तापलं तरी माशाला जरा तरतरी येते. पहाटे उठावं लागत नाही, एवढ्यासाठीही मला हा मोसम आवडतो.

कायाक (वल्हवायची छोटी, निमुळती होडी) असेल तर पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल लाइफ जॅकेट अंगावर असणं सक्तीचं आहे, आणि ते योग्यच आहे. इतक्या गार पाण्यात पडलेल्याचे हातपाय काही मिनिटांत आखडतात. डॉक स्ट्रीटच्या बुटक्या बंधाऱ्याकडे तर मी फिरकतही नाही. वरून तो साधा दिसतो, पण पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि माणसाला सोडत नाही.

खरी परीक्षा पुढे. जर्कबेटला, म्हणजे छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या नकली आमिषाला, दोन हलके झटके द्यायचे आणि थांबायचं. मनात दहा आकडे मोजायचे, पाणी आणखी गार असेल तर वीस. हात शिवशिवतात, रील फिरवावीशी वाटते, पण फिरवायची नाही. थंडीत या माशाचं सगळं शरीरच मंदावतं, भक्ष्यामागे धावणं त्याला परवडत नाही. आमिष तोंडासमोर तरंगत राहिलं तरच तो ते घेतो. घेतो तेव्हा हिसका जाणवत नाही. पाण्यावरची दोरी किंचित कडेला सरकते, किंवा टोकाला ओली पिशवी अडकल्यासारखं जड लागतं. त्या क्षणी रॉड उचलायचा.

असा लागलेला मासा वर आला तेव्हा तांबूस डोळा आधी दिसला, मग काशाच्या रंगाचं अंग आणि त्यावरचे काळपट उभे पट्टे. पोट टम्म. ओल्या हातांनी गळ काढला आणि सोडून दिला. नदीच्या या भागात बास लगेच सोडणं बंधनकारक आहे. २००५ पासून इथली बासची पिल्लं रोगाने मरू लागली, त्यानंतर नियम कडक झाले. गंमत म्हणजे हा मासा इथला मूळचा नव्हेच. १८५४ साली डोंगरापलीकडून रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून तो पोटोमॅकमध्ये आणला गेला, आणि पुढे सस्क्वेहानात.

आई मालवणची. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "धरलंस नि सोडलंस? मगे गेलंस कित्याक?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

डिसेंबरात रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरू लागतो. दर थोड्या वेळाने रॉडचं टोक पाण्यात बुडवून तो सोडवावा लागतो. तरीही जायचं असेल तर एक लक्षात ठेवा: मासेमारीचा परवाना ३१ डिसेंबरला संपतो, पण पुढच्या वर्षाचा १ डिसेंबरपासूनच चालतो. मी तो पहिल्याच आठवड्यात काढून टाकतो.